दावा तालुक्याला टाकायचा की जिल्ह्याला?

‘वकीलसाहेब, इथं नको. थेट जिल्ह्यालाच टाका की दावा.’

गणपतीच्या आदल्या आठवड्यात समोर बसलेले आबा हे तिसऱ्यांदा सांगत होते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारे, फेरफाराच्या नकला आणि मोबाइलवरून प्रिंट काढलेला एक फोटो. फोटोत शेताकडे जाणारी गाडीवाट आणि वाटेत आडवा टाकलेला बाभळीच्या काटेरी फांद्यांचा फास. वडिलांच्या माघारी तिघा भावांत जमिनीचं वाटप झालेलं नाही. दोन गट कऱ्हाड तालुक्यात, एक शिराळ्यात. धाकटा पुण्यात असतो, मधला जमीन कसतो, आणि वाट अडवली ती त्या मधल्यानंच. आबांचं म्हणणं असं की तालुक्याच्या कोर्टात सगळे ओळखीचे, तिथं काय न्याय मिळणार. जिल्ह्याचं कोर्ट मोठं, तिथला जज मोठा, म्हणजे निकालही मोठाच.

रुग्णाला पीएचसीत न नेता थेट सिव्हिलला न्यावं, तसा हा विचार. दवाखान्यात तो कधी बरोबरही ठरतो. कोर्टात मात्र दार आपल्या मर्जीनं निवडता येत नाही. कुठल्या दारात जायचं ते कायद्यानं आधीच ठरवलेलं असतं, आणि चुकीच्या दारात गेलं की कागद परत येतात, कधी आठ दिवसांनी, कधी आठ वर्षांनी. हे कसं ठरतं ते एकदा नीट मांडावं म्हणून हा लेख. मुख्यतः दिवाणी कामांबद्दल, म्हणजे जमीन, पैसा, वारसा, भाडं यांबद्दल. फौजदारीचं गणित वेगळं आहे, त्याला एखादं वाक्य पुरेल.

आधी इमारतीत कोण कोण बसतं ते पाहू.

तालुक्याच्या कोर्टात सहसा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर असतात. जुनी माणसं अजून त्यांना ‘सबजज’ म्हणतात. त्यांच्या दाराबाहेरची पाटी लांबलचक असते, कारण त्याच खुर्चीत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही बसलेले असतात. सकाळी चोरीच्या केसचा पंच तपासतात, दुपारी बांधाच्या दाव्यातला साक्षीदार. त्यांच्या वरच्या पायरीवर दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. हे जिल्ह्याच्या ठिकाणी असतात आणि आता बऱ्याच मोठ्या तालुक्यांतही. त्यांच्या वर जिल्हा न्यायाधीश, जे फौजदारी कामात सत्र न्यायाधीश होतात. म्हणून ‘जिल्हा व सत्र न्यायालय’. फौजदारीत खटला कुठं चालणार हे गुन्ह्यावर आणि शिक्षेच्या वजनावर ठरतं: खुनाचा खटला सत्र न्यायालयात, किरकोळ मारहाणीचा दंडाधिकाऱ्यांसमोर.

ही सगळी रचना ज्या कायद्यावर उभी आहे तो 1869 सालचा. मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियम हे त्याचं जुनं नाव, आता महाराष्ट्र दिवाणी न्यायालये अधिनियम. त्याच्या जोडीला 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता, जिला आम्ही सगळे ‘सीपीसी’ म्हणतो. या दोघांनी मिळून दावा घेणाऱ्याला तीन प्रश्न विचारायला लावले आहेत. भांडण कशाचं आहे? त्याची किंमत किती? आणि ते कुठल्या हद्दीतलं? विषय, किंमत, हद्द. या तिन्हींना मिळून ‘अधिकारक्षेत्र’ म्हणतात. कोर्टाच्या बोलीत ‘ज्युरिस्डिक्शन’, आणि पक्षकारांच्या तोंडी ‘जुरिडिक्शन’.

किंमत: बाजारभाव विसरा

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, म्हणून इथं जरा थांबू.

कनिष्ठ स्तर न्यायाधीशांना ठरावीक रकमेपर्यंतचेच दावे चालवता येतात. एकेकाळी ही मर्यादा 1 लाख होती, पुढे ती 5 लाख झाली. हे आकडे दुरुस्तीनं बदलत राहतात, म्हणून दावा टाकण्याआधी चालू आकडा विचारून घ्यावा. वरिष्ठ स्तराला वरची मर्यादाच नाही. 6 लाखांचा दावाही त्यांच्याकडे, 60 कोटींचाही त्यांच्याकडे. म्हणजे पैशाच्या मोठ्या दाव्यासाठी जिल्हा न्यायाधीशांपर्यंत जावं लागतं ही समजूतच चुकीची. कितीही मोठा साधा दिवाणी दावा वरिष्ठ स्तरावर सुरू होतो.

आता आबांचा प्रश्न. ‘आमच्या जमिनीला एकरी 30 लाखांचा भाव हाय. मग तालुक्याचा छोटा जज कसा चालवील?’

याचं उत्तर ऐकून बहुतेकांना वाटतं वकील चेष्टा करतोय. दाव्याची किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. कुठल्या दाव्याची किंमत कशी धरायची हे कोर्ट फीचा 1959 चा महाराष्ट्राचा कायदा आणि दाव्यांच्या मूल्यांकनाचा 1887 चा कायदा सांगतात. सारा भरल्या जाणाऱ्या शेतजमिनीच्या ताब्याचा दावा असेल, तर हिशेब सातबाऱ्यावरच्या ‘आकार’ या रकान्यावरून निघतो. तो रकाना कधी पाहिलाय? तिथं 2.75, 4.10 असे आकडे असतात, रुपये आणि पैसे. इंग्रजांच्या सर्व्हेपासून चालत आलेली साऱ्याची रक्कम ती. तिच्या ठरावीक पटीत दाव्याची किंमत. त्यामुळे रस्त्याला लागून असलेली, बिल्डर ज्याच्या मागे हात धुऊन लागलेत असली जमीनही कागदावर काही शे-हजारांची होते आणि दावा तालुक्यातल्या कनिष्ठ स्तराकडे जातो.

मनाई हुकमाच्या दाव्याचंही तसंच. ‘प्रतिवादीनं माझ्या वहिवाटीत हरकत करू नये’ एवढंच मागणं असेल तर त्याचं पैशात मोल करता येत नाही, म्हणून कायद्यानं एक ठोक, लहानशी रक्कम धरून दिली आहे. तालुका कोर्टाच्या बोर्डावर मनाईचे दावे एवढे का, याचं निम्मं उत्तर या ठोक रकमेत आहे. फी कमी आणि कोर्ट जवळ.

वाटपाच्या दाव्यात अख्ख्या मिळकतीची नव्हे, मागणाऱ्याच्या हिश्श्याची किंमत धरतात. बिनशेती प्लॉट, घर, फ्लॅट आला की मात्र खेळ बदलतो. तिथं खऱ्या किमतीकडे बघावं लागतं, आणि शहराजवळचा साधा गुंठाही दाव्याला कनिष्ठ स्तराच्या पलीकडे नेऊन ठेवतो. एकाच दाव्यात शेतही आहे आणि गावठाणातलं घरही आहे, तर दोन्हींची बेरीज.

मग कुणी चलाख माणूस विचारतो, वरिष्ठ स्तराला मर्यादा नाही ना, मग माझा छोटा दावाही तिथंच का टाकू नये? सीपीसीचं 15 वं कलम याचं उत्तर देतं: जे कोर्ट तो दावा चालवू शकतं, त्यांतल्या सगळ्यात खालच्या पायरीच्या कोर्टातच तो दाखल करायचा. हेतू सरळ आहे, वरच्या कोर्टात गर्दी होऊ नये. यातली बारीक गोष्ट अशी की हे कलम वरच्या कोर्टाचा अधिकार काढून घेत नाही. चुकून छोटा दावा वरिष्ठ स्तरानं चालवला आणि हुकूमनामा दिला, तर तो हुकूमनामा त्या कारणासाठी रद्दबातल होत नाही. एका दाव्यावर दोन कोर्टांचा अधिकार असतो, आणि कुणी आधी घ्यायचा याची रांग लावून दिलेली असते. वाटून घेणं ते असं.

किमतीचा हा नियम दोन ठिकाणी पार मोडतो.

एक, सरकार. दाव्यात महाराष्ट्र शासन किंवा एखादा सरकारी अधिकारी त्याच्या पदाच्या नात्यानं पक्षकार असेल, तर कनिष्ठ स्तर तो दावा घेऊच शकत नाही, किंमत शंभर रुपये असली तरी. 1869 च्या कायद्याचं 32 वं कलम. असा दावा वरिष्ठ स्तराकडे. वर सीपीसीच्या 80 व्या कलमाखाली दोन महिन्यांची नोटीस. भावाभावांच्या वादात कुणीतरी सल्ला देतो, ‘सातबाऱ्याची नोंद चुकलीय ना, मग तहसीलदारालाही पार्टी करून टाका’, आणि त्या एका ओळीमुळे कोर्टही बदलतं आणि दोन महिनेही जातात. गरज नसताना सरकारला दाव्यात ओढणं म्हणजे लग्नाच्या वरातीत रोड रोलर घेणं.

दुसरं, भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 पासून. त्याच्या 33 व्या कलमाप्रमाणे मालक-भाडेकरूचा वाद मुंबईत लघुवाद न्यायालयात जातो, पुण्या-नागपुरात तसं स्वतंत्र कोर्ट आहे तिथं त्या कोर्टात, आणि बाकी सगळीकडे कनिष्ठ स्तराकडे. बाजारपेठेतलं कोट्यवधींचं दुकान असू दे, जागा खाली करून मागायची तर तालुक्याच्याच न्यायाधीशांसमोर.

मुंबईचं सगळंच वेगळं, ते एका परिच्छेदात उरकतो. तिथं तालुका-जिल्हा अशी उतरंड दिवाणी कामात नाही. 1948 पासून शहर दिवाणी न्यायालय आहे आणि त्याच्या वरच्या रकमेचे दावे थेट उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सुरू होतात. ही सीमारेषा बरीच वर्षं 1 कोटी होती, जानेवारी 2024 पासून 10 कोटी झाली. पुण्यातला 20 कोटींचा दावा वरिष्ठ स्तरापुढे चालतो आणि मुंबईतला तेवढ्याच रकमेचा उच्च न्यायालयापुढे. याला इतिहासाखेरीज दुसरं कारण मला तरी सापडलेलं नाही.

हद्द: जमीन जिथं, कोर्ट तिथं

जमिनीच्या बाबतीत नियम एका ओळीचा आहे. मिळकत ज्या कोर्टाच्या हद्दीत, दावा त्या कोर्टात. सीपीसी, कलम 16. धाकटा भाऊ पुण्यात राहतो, म्हणून त्याला सोयीचं पडेल असा शिवाजीनगरला दावा टाकता येत नाही. पैशाचा किंवा कराराचा वाद असेल तर थोडी मोकळीक आहे: प्रतिवादी जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथं, किंवा वादाचं कारण पूर्ण वा थोडंसंही जिथं घडलं तिथं. वादी कुठं राहतो याला इथं किंमत नाही. अपघाताच्या भरपाईत मात्र कायदा जखमीच्या बाजूनं झुकतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे अपघात झाला तिथं, अर्जदार राहतो तिथं किंवा प्रतिवादी राहतो तिथं, तिन्हींपैकी कुठंही अर्ज करता येतो.

आबांच्या जमिनी दोन तालुक्यांत, आणि ते तालुके दोन जिल्ह्यांत. कऱ्हाड साताऱ्यात, शिराळा सांगलीत. मग दोन दावे? नाही. सीपीसीचं 17 वं कलम म्हणतं की मिळकत वेगवेगळ्या हद्दींत असेल तर त्यांतल्या कुठल्याही एका कोर्टात अख्खा दावा टाका, फक्त एकूण किंमत त्या कोर्टाच्या आवाक्यात हवी. इथं वादीला खरीखुरी निवड मिळते. आबांचं घर कऱ्हाड तालुक्यात, साक्षीदार तिथले, एसटी सोयीची. म्हणून कऱ्हाड.

निकाल एका कोर्टाचा असला तरी जमीन प्रत्यक्ष वाटून देणारा हात तिसराच असतो, हे लोकांना निकालानंतर कळतं. सारा भरणाऱ्या जमिनीच्या वाटपात दिवाणी कोर्ट फक्त हिस्से ठरवतं: तुझा एक तृतीयांश, तुझा एक तृतीयांश. मग सीपीसीच्या कलम 54 प्रमाणे हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, मोजणी होते, कुणाला रस्त्याकडची बाजू, कुणाला विहिरीकडची, हे महसूल खातं ठरवतं. विहीर, झाडं, पाइपलाइन यांवरून पुन्हा हरकती. ‘कोर्ट जिंकलो’ म्हणून पेढे वाटणाऱ्याला मी हळूच सांगतो, अर्धे पेढे मोजणीसाठी ठेवा.

मग जिल्हा न्यायाधीश करतात काय?

दोन कामं. पहिलं अपिलाचं. कनिष्ठ स्तराच्या प्रत्येक हुकूमनाम्याविरुद्धचं पहिलं अपील जिल्हा न्यायालयात. वरिष्ठ स्तराच्या निकालाविरुद्ध रक्कम पाहिली जाते: ठरलेल्या आकड्यापर्यंत जिल्हा न्यायालय, त्यापलीकडे थेट उच्च न्यायालय. हा आकडा 10 लाखांवरून 1 कोटीवर गेला आणि उच्च न्यायालयाच्या कपाटांतली पुष्कळ अपिलं जिल्ह्यांकडे परत आली. म्हणजे आबांना जिल्हा कोर्टाची हौस असेल तर ती पुरी होणारच आहे, फक्त तालुक्यातून पुढे जाऊन. दुसरं अपील उच्च न्यायालयात, पण तिथं कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. साक्षीदार खरं बोलला की खोटं, हे तिथं पुन्हा उगाळता येत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे.

दुसरं काम, काही खास विषय जे कायद्यानं थेट जिल्हा न्यायालयाकडेच दिलेत. ट्रेडमार्क आणि कॉपीराइटचे दावे. लवादाच्या निवाड्याला आव्हान. अज्ञान म्हणजे अल्पवयीन मुलाच्या मिळकतीचा पालक नेमणं. मोटार अपघात न्यायाधिकरणाचं कामही जिल्हा न्यायाधीशच बघतात. यांत रकमेचा संबंध नाही. 50 हजारांचा कॉपीराइटचा दावाही तिथंच. गावातल्या मिठाईवाल्यानं शेजारच्या दुकानाला नावाच्या नक्कलेवरून कोर्टात खेचलं, तर तो आबांच्या आधी जिल्हा कोर्टाची पायरी चढतो.

काही कामं मूळची जिल्ह्याची, पण खाली सोपवलेली. वारस दाखला हे त्याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. त्याचा आधार 1827 सालचं मुंबई रेग्युलेशन 8, म्हणजे पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा कागद, आणि तो आजही रोज वापरात आहे. काम मूळचं जिल्हा कोर्टाचं, पण अधिकार खाली दिलेले असल्यानं अर्ज सहसा वरिष्ठ स्तराकडे जातो. वडिलांच्या बँकेतल्या पैशासाठी लागणारं उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळं, ते 1925 च्या कायद्याखाली. दोन्हींची गल्लत करून चुकीचा अर्ज घेऊन येणारे महिन्याला दोन-तीन तरी असतात.

शिवाय जिल्हा न्यायालयाच्या हातात बदलीची कळ आहे. सीपीसीच्या कलम 24 खाली जिल्ह्यातल्या एका कोर्टातलं प्रकरण काढून दुसऱ्या कोर्टाकडे देता येतं, किंवा स्वतःकडे घेता येतं. ‘तालुक्यात सगळे ओळखीचे’ या आबांच्या भीतीला कायद्यातलं उत्तर हे आहे. आधी दावा योग्य कोर्टात टाकायचा, आणि खरंच तसं काही घडलं तर कारण आणि पुरावा दाखवून बदली मागायची. नुसती शंका पुरत नाही. न्यायाधीशांनी एक तारीख दिली नाही म्हणून बदलीचा अर्ज करणारे असतात, त्यांचं काय होतं ते सांगायला नको.

चुकलं तर?

इथं एक फरक मनात पक्का करून ठेवावा, कारण सगळा विषय त्यावर फिरतो. किंमत किंवा हद्द चुकली तर बहुतेक वेळा निभावतं. विषय चुकला तर निभावत नाही.

किमतीचं उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या एका निकालात आहे, किरण सिंग विरुद्ध चमन पासवान. बिहारमधल्या मुंगेरचं प्रकरण, साडेबारा एकरांच्या ताब्याचं. वादींनी दाव्याची किंमत स्वतःच 2,950 रुपये लावली. खालच्या कोर्टात हरले. जिल्हा कोर्टात अपील केलं, तिथंही हरले. मग पाटणा उच्च न्यायालयात गेले, तर तिथल्या मुद्रांक विभागानं हरकत घेतली की किंमत कमी लावलीय. फेरहिशेबात ती निघाली 9,980. कमी पडलेली फी वादींनी भरली आणि लगेच नवा डाव टाकला: किंमत एवढी, तर आमचं अपील जिल्हा कोर्टात चालायलाच नको होतं, ते थेट उच्च न्यायालयात यायला हवं होतं, म्हणून जिल्हा कोर्टाचा निकाल शून्य. स्वतःच कमी किंमत लावायची आणि हरल्यावर तीच चूक दाखवून निकाल पुसायचा! सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. अधिकार नसताना दिलेला हुकूमनामा शून्यवत असतो हे तत्त्व त्याच निकालात ठसठशीत सांगितलं, आणि पुढे हेही सांगितलं की किमतीच्या चुकीला कायदा वेगळं वागवतो: त्या चुकीमुळे निकालाच्या गुणवत्तेवर प्रत्यक्ष परिणाम झाला असेल तरच वरचं कोर्ट हात घालील.

हद्दीचंही साधारण तसंच. प्रतिवादीनं हरकत पहिल्याच संधीला घ्यायला हवी, मुद्दे निघण्याच्या, म्हणजे वादाचे प्रश्न कोर्ट ठरवून देतं त्या सुमारास किंवा आधी. साक्षी झाल्या, निकाल विरुद्ध गेला आणि मग ‘हे कोर्टच चुकीचं होतं’ म्हटलं, तर कुणी ऐकत नाही. पण जमिनीच्या दाव्यात हद्दीला गृहीत धरू नये. दिल्लीत दाखल झालेला, पण गुरगावच्या प्लॉटबद्दलचा एक दावा वर्षानुवर्षं चालून शेवटी परत करण्यात आला, आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते बरोबर ठरवलं. प्रतिवादीनं सुरुवातीला अधिकारक्षेत्र मान्य केलं होतं, तरीही. दोन्ही बाजूंची संमती असली म्हणून कोर्टाला नसलेला अधिकार येत नाही.

दावा परत मिळतो म्हणजे काय होतं? फेटाळला जात नाही, योग्य कोर्टात दाखल करा म्हणून कागद हातात दिले जातात. चुकीच्या कोर्टात गेलेला काळ मुदतीतून वजा मिळतो, मुदत कायद्याच्या 14 व्या कलमाखाली, पण तुम्ही प्रामाणिकपणे आणि नेटानं तिथं लढत होता हे दाखवावं लागतं. दावा मात्र पुन्हा पहिल्यापासून. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं: परत घेऊन दुसरीकडे दाखल केलेला दावा नव्यानं सुरू होतो, जुन्या पानावरून पुढे नाही. आधीच्या कोर्टात नोंदलेल्या साक्षी, त्यासाठी घातलेल्या खेपा, चहापाणी, सगळं मागे राहतं.

आपल्याकडे यावर एक खास मराठी इलाज होता. मुंबईत लोक सरकारविरुद्ध 80 व्या कलमाची नोटीस न देताच दावा टाकायचे, तात्पुरती मनाई मिळवायचे, तिच्या आडोशाला नोटिशीचे दोन महिने काढायचे आणि मग दावा मागे घेऊन नवा टाकायचे. ही चलाखी थांबवायला महाराष्ट्रानं सीपीसीत 9-अ हे कलम घातलं: मनाईच्या अर्जावेळी अधिकारक्षेत्राची हरकत आली, तर आधी त्याच मुद्द्याचा निकाल लावा. औषध म्हणून आलं आणि त्याचाच आजार झाला. प्रतिवादी प्रत्येक दाव्यात 9-अ काढायला लागले, त्या एका मुद्द्यावर साक्षी, त्यावर अपील, आणि मूळ दावा जागच्या जागी. 2018 मध्ये हे कलम काढून टाकलं. आमच्या बारमध्ये त्या दिवशी निम्मे खूश होते. उरलेले प्रतिवादीचे वकील असावेत.

विषयाची चूक मात्र माफ होत नाही. ज्या वादाची दखल घ्यायला कायद्यानं दिवाणी कोर्टाला मनाईच केलीय, तिथं कुणी हरकत घेतली नाही तरी निकाल टिकत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात याचं सगळ्यात मोठं उदाहरण कूळ. पश्चिम महाराष्ट्रात लागू असलेल्या 1948 च्या कूळकायद्याचं 85 वं कलम सांगतं की अमुक इसम कूळ आहे की नाही, हे तहसीलदारानं ठरवायचं, दिवाणी कोर्टानं नाही. ताब्याचा साधा दावा चालू असताना प्रतिवादीनं कैफियतीत ‘मी कूळ आहे’ म्हटलं, की दिवाणी कोर्टाला तेवढा मुद्दा काढून तहसीलकडे पाठवावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. याउलट सातबाऱ्यावरची नोंद तलाठी-मंडल अधिकारी-प्रांत या साखळीत ठरते, पण मालकी कुणाची हा प्रश्न दिवाणी कोर्टाचाच. फेरफार जिंकला म्हणजे जमीन जिंकली असं समजून बसलेली माणसं मी रोज बघतो.

म्हणून आबांची पिशवी मी दोन ढिगांत लावली. सातबारे, वारसाची नोंद, वडिलांचा मृत्यूचा दाखला एका बाजूला: वाटपाचा दावा, कऱ्हाड. सरकार पार्टी नाही. आकार पाहिला, गावठाणातल्या घराची किंमत धरली, हिश्शाची बेरीज केली. बसतोय कनिष्ठ स्तरात. आबांचा चेहरा थोडा पडला.

फोटो दुसऱ्या बाजूला ठेवला.

‘आणि रस्त्याचं काय? त्योबी याच दाव्यात घाला की.’

घालता येतं, दिवाणी कोर्टात मनाई मागता येते. पण अडवलेल्या वहिवाटीच्या वाटेसाठी तहसीलदारांकडेही दार आहे, 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याचं. तहसीलदार तिथं कोर्ट म्हणूनच बसतात, जागेवर येऊन पाहतात, अडथळा काढायला लावतात. दिवाणी दाव्यापेक्षा ते काम लवकर होऊ शकतं, आणि नंतर दिवाणी कोर्टात हक्क सिद्ध करायची वाट कुणालाच बंद होत नाही. बांधावरून नवीनच रस्ता हवा असेल तर तोही तहसीलकडेच, पण महसूल अधिनियमाच्या 143 व्या कलमाखाली. त्यावर नाराज असलेल्याला एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. आबांची वाट जुनी, त्यांच्या आजापासूनची. म्हणजे मामलेदार कायदा. आणि त्याला अट एकच कडक आहे: वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज.

‘आबा, फास कधी टाकला त्यानं?’

‘उसाची तोड झाल्यावर. शेवटचा ट्रॅक्टर गेला आन् दुसऱ्या दिवशी सकाळी.’

‘तारीख?’

आबा बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. कारखान्याची स्लिप पिशवीत असेल म्हणून पुन्हा सगळे कागद बाहेर काढले, ती सापडेना. मग त्यांनी घरी फोन लावला.

‘अगं, आपली तोड होळीच्या आधी झाली का नंतर?’